नाट्यहंगाम आणि वर्तमानपत्रें

नाट्यगृहांचा नवा हंगाम सुरू झाला म्हणजे वर्तमानपत्रांतून नव्या नाटकांचीं नांवें झळकूं लागतात आणि रसिक कुटुंबांत चर्चेस तोंड फुटतें. एक पत्र ज्या नाटकाची मुक्तकंठानें स्तुति करतें, त्यांत दुसऱ्यास कांहींच नवें आढळत नाहीं. मग खरें कोणाचें मानावयाचें? मुंबईकर रसिकास हा प्रश्न फारसा जाचत नाहीं. नाटक फसलें तर त्याची एक संध्याकाळ वायां जाते, इतकेंच. परंतु बोईसरला लागून असलेल्या सालवडसारख्या गांवच्या रसिकाची गोष्ट निराळी. चर्चगेटपासून बोईसर स्थानक सुमारें १०० किलोमीटर दूर. बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहांत प्रयोग पाहावयाचा म्हटला तरी आगगाडीचा दीर्घ प्रवास, घरच्या साऱ्यांच्या तिकिटांचा खर्च आणि रात्रीं परतीच्या गाडीची काळजी, हें सर्व आलेंच. त्याची निवड बहुधा वर्तमानपत्रावर अवलंबून असते. म्हणून तें वाचावें कसें, हें समजून घेणें त्यास अगत्याचें आहे.

पत्रांतील नाट्यविषयक मजकूर मुख्यतः तीन प्रकारचा असतो: जाहिरात, वार्ता आणि परीक्षण. जाहिरात ही निर्मात्यानें पैसे देऊन छापविलेली असते. स्थळ, वेळ आणि नटांचीं नांवें यांपुरता तिच्यावर विश्वास ठेवावा, विशेषणांवर ठेवूं नये. तथापि तिला तुच्छ लेखण्याचेंही कारण नाहीं. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हां संस्थानिकांचा आश्रय त्यांच्या पाठीशीं होता. पुढें १८५३ सालीं त्यांची मंडळी मुंबईस ग्रँट रोडवरील नाटकगृहांत तिकीट लावून खेळ करूं लागली; तेथें राजाश्रयाची जागा अनोळखी प्रेक्षकानें घेतली. अशा प्रेक्षकापर्यंत पोंचावयाचें तर खेळाची जाहीर खबर त्यास लागली पाहिजे, हें उघड आहे.

वार्तेचें काम काय घडलें तें सांगण्याचें. परंतु ती वादाची असली म्हणजे वाचक तिलाच परीक्षण समजून बसतो. विजय तेंडुलकर यांचें ‘घाशीराम कोतवाल’ हें नाटक जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखालीं १६ डिसेंबर १९७२ रोजीं पुण्यास रंगभूमीवर आलें. नाना फडणिसांच्या चित्रणावरून गदारोळ उठला आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेनें तें थांबविलें. केवळ निषेधाच्या बातम्या वाचणाऱ्यास यांत नानांची निंदा आहे, एवढेंच कळलें असेल. नटांच्या रांगेनेंच उभी राहणारी भिंत, कीर्तन-लावणीची गुंफण, सत्ताधीश आपल्या सोयीसाठीं एखाद्यास चढवितो आणि पुढें त्याचाच बळी देतो हा मूळ विषय, हें सारें बातमींत मावणारें नव्हतें. १९७४ सालीं थिएटर अकॅडमीनें हें नाटक पुन्हा उभें केलें आणि १९८० सालीं तें युरोपांतही गेलें. बातमीवर विसंबून ज्यानें पाठ फिरविली, तो एका मोठ्या कलानुभवास मुकला.

आतां परीक्षण. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनीं स्वतः नाटककार म्हणून नांव मिळविण्यापूर्वीं, १८९३ सालीं, ‘विक्रमशशिकला’ या नाटकाचें परीक्षण ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकांत लिहिलें. मासिकाच्या लेखकास कथानक, स्वभावरेखन आणि भाषा यांचा सावकाश विचार करण्यास सवड असते. दैनिकाच्या परीक्षकाची तशी स्थिति नाहीं. बहुधा त्यास पहिल्या प्रयोगांपैकींच एखादा पाहून मोजक्या जागेंत अभिप्राय द्यावा लागतो. त्या वेळीं नट अद्याप चांचपडत असतात, प्रकाशयोजना बसलेली नसते, लांबलेले प्रवेश कापले गेलेले नसतात. तेंच नाटक पंचविसाव्या प्रयोगास आटोपशीर झालेलें आढळतें. उलट, आरंभींचा जोम ओसरलेलाही आढळतो. दोन परीक्षकांचें मत जुळत नाहीं, याचें एक कारण हें कीं, दोघांनीं पाहिलेला प्रयोग एकच नसतो. दुसरें कारण अभिरुचीचें. माधव मनोहर यांच्यासारखा बहुश्रुत समीक्षक मराठी नाटकामागील परकीय मूळ नेमकें दाखवून देई. पण मूळ परकीय आहे म्हणून प्रयोग रंगत नाहीं, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

तात्पर्य, परीक्षण वाचतांना शेवटचा निकाल आधीं पाहूं नये. त्यामागील कारणें पाहावीं. ‘दुसरा अंक संथ आहे’ हें वाक्य ‘नाटक कंटाळवाणें आहे’ या वाक्यापेक्षां अधिक उपयोगी, कारण संथ अंक कोणाला रुचतो, कोणाला नाहीं, हें वाचक स्वतः ठरवूं शकतो. एकाच परीक्षकाचे चार-सहा लेख वाचून मग स्वतः पाहिलेल्या नाटकांशीं ते ताडून पाहिले म्हणजे त्याचा कल कळतो, आणि त्याच्या निंदेंतूनही आपल्या आवडीचें नाटक हुडकतां येतें.

इतके श्रम कशासाठीं, असें कोणी विचारील. दूरच्या प्रेक्षकानें धोका नको म्हणून केवळ परिचित नटाच्या नांवावर तिकीट काढावयाचें ठरविलें, तर नव्या लेखकाच्या नाटकास त्याचा आधार कधींच मिळत नाहीं. आणि अशीं नाटकें चार प्रयोगांत बंद पडलीं कीं पुढील हंगामांत निवडावयास जुनेंच उरतें. सालवडच्या घरांत दोन पत्रें समोर ठेवून होणारी चर्चा म्हणूनच रिकामपणाचा उद्योग नव्हे. नाटक पाहून आल्यावर त्याच मंडळींनीं आपला अभिप्राय संपादकास चार ओळींत कळविला, तर तिकीट काढून नाटक पाहणाऱ्याची बाजूही छापून येईल.