दसऱ्याचे तोरण : हस्तव्यवसायाचा एक पाठ

दसऱ्याच्या दिवशी दाराला तोरण नाही असे घर आपल्या खेड्यांत सहसा आढळत नाही. अलीकडे मात्र बाजारातून प्लॅस्टिकचे तोरण एकदा आणावे व वर्षानुवर्षे तेच दारावर ठेवावे, अशी रीत पडू लागली आहे. त्यायोगे श्रम वाचतात हे खरे. परंतु मुलांच्या बोटांतील एक कसब व त्यासोबत झाडापेरांची ओळखही हळूहळू नाहीशी होते. यासाठी दसऱ्याच्या सुट्टीपूर्वीचे दोन तास शिक्षकांनी या कामी द्यावेत.

साहित्य : सुतळी, दाभण, आंब्याची पाने, झेंडूची फुले व खराट्याचे हीर. साहित्य विकत आणण्यास मुलांना सांगू नये. सणाच्या तोंडावर झेंडूचा भाव चढतो. 'प्रत्येकाने फुले आणावीत' असे वर्गात सांगितले, की ज्याच्या घरी शेत नाही व हाती पैसा नाही, असे मूल त्या दिवशी शाळेतच येत नाही. जे परसात व बांधावर मिळेल तेच घ्यावे. कोकणात भाताच्या लोंब्या, नाचणीची कणसे व कुरडूची फुले यांचे 'नवे' दाराला बांधतात. जेथे जे पिकते ते तोरणात शोभते, हे मुलांस अवश्य सांगावे.

कृती : प्रथम मुलांकडून दाराची रुंदी मोजून घ्यावी. ती ९० सेंटिमीटर भरली असे धरू. दोन्ही टोकांस बांधण्यासाठी १५-१५ सेंटिमीटर अधिक धरून १२० सेंटिमीटर सुतळी कापावी. मधल्या ९० सेंटिमीटरांत दर ९ सेंटिमीटरांवर कोळशाने खूण करावी. आता विचारावे, 'पाने किती लागतील?' बहुतेक मुले दहा म्हणतील. अंतरे दहा, परंतु खुणा अकरा, हे सुतळीवर बोट ठेवून मोजताच त्यांना उमगेल. फळ्यावर पुष्कळ समजावूनही जे पटत नाही, ते येथे सहज पटते.

आधी फुले ओवावीत. दाभण देठाकडून खुपसून फुलाच्या मध्यातून बाहेर काढावे व प्रत्येक अंतरात दोन फुले बसवावीत. दाभण शिक्षकाच्या देखरेखीखालीच वापरू द्यावे. नंतर प्रत्येक खुणेवर एक पान घ्यावे. त्याचा देठाकडील भाग दोन बोटे सुतळीवरून दुमडून हिराच्या तुकड्याने टाचावा, म्हणजे पानाचे टोक खाली लोंबते. कोवळी तांबूस पाने लवकर मलूल होतात. म्हणून पूर्ण वाढलेली हिरवी पाने निवडावीत आणि काम होईपर्यंत ती ओल्या फडक्यात ठेवावीत.

पाने तोडताना : या पाठातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होय. आंब्याचा मोहोर डहाळीच्या शेंड्यावर येतो. दसऱ्याला शेंडे ओरबाडले, तर त्या डहाळीचा येता मोहोर व पुढील कैऱ्या आपणच तोडल्या असे होते. म्हणून शेंडा राखून खालची पाने एकेक करून खुडावीत. तीस मुलांनी प्रत्येकी एक तोरण केले तर ३३० पाने लागतील. पाच-पाच मुलांचे गट केले तर सहा तोरणांना ६६ पाने पुरतील. हा हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा. आपट्याच्या बाबतीतही असेच सांगावे. सोने म्हणून चार पाने पुरतात. त्यासाठी फांदी मोडण्याचे कारण नाही.

झेंडू हे मूळचे आपल्याकडील फूल नव्हे. ते मेक्सिकोकडून आले. तेथे आजही १ व २ नोव्हेंबरला पूर्वजांच्या स्मरणार्थ याच फुलांनी घरे सजवितात. नकाशावर तो देश दाखविल्यास भूगोलाचा धडा दारावरच लागेल.

सण झाल्यावर : सुतळी सोडवून जपून ठेवावी, हीर निराळे काढावेत, सुकलेली पाने-फुले खतखड्ड्यात घालावीत. शाळेच्या बागेत झेंडू असल्यास चार-सहा फुले न तोडता झाडावरच वाळू द्यावीत व त्यांचे बी कागदाच्या पुडीत जपावे. पावसाच्या आरंभी ते पेरले, तर सुमारे दोन महिन्यांनी झाडे फुलू लागतात. वांगी-टोमॅटोच्या वाफ्यांत ती लावल्यास मुळांना गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा उपद्रवही कमी होतो.

तयार तोरणांपैकी एक शाळेच्या दाराला बांधावे. ते कोणा एका घरचे नसून सर्व मुलांचे असते. म्हणून ज्या मुलास एरवी मागे राहण्याची सवय झाली आहे, त्याच्या हातून ते बांधवावे. उरलेली तोरणे कोणाच्या दारी जावीत हे मुलांनीच ठरवावे. पुढील वर्षी पेरावयाच्या बियांची पुडी मात्र वर्गाच्या कपाटात, वर्ष व वाण लिहून, शिक्षकांनी स्वतः ठेवावी.