झूम म्हणजे जवळ जाणे नव्हे

व्हिडिओ शिकू लागलेले विद्यार्थी लांबचे दृश्य मोठे करण्यासाठी झूम वापरतात आणि कॅमेरा जवळ गेला असे समजतात. समज स्वाभाविक आहे, कारण वस्तू दोन्ही रीतींनी मोठीच दिसते. प्रत्यक्षात झूम करताना फक्त भिंगाची फोकल लेंग्थ (नाभीय अंतर) वाढते आणि दृश्याचा कोन अरुंद होतो. कॅमेरा जागचा हलत नाही.

देवळासमोरची दीपमाळ आठवा. दूरच्या वेशीवरून ती आणि मागचे शिखर एकमेकांजवळ दिसतात. तिथूनच झूम केले तर दोन्ही सारखीच मोठी होतात, जणू फोटोचा मधला तुकडा कापून वाढवला. चालत दीपमाळेपाशी गेलात, तर मात्र ती उंचच उंच होते आणि शिखर मागे सरते. हा फरक अंतराने घडतो, भिंगाने नव्हे.

दिग्दर्शक हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ या चित्रपटात (1958) याच फरकाचा उपयोग आहे: जिन्याच्या दृश्यात कॅमेरा सरकवत त्याच वेळी उलट दिशेने झूम केला आहे, नायकाला येणारी भोवळ त्यातूनच जाणवते. फार सुंदर युक्ती!

मोबाइलवर दोन बोटांनी केलेला झूम बहुतेकदा चित्र कापून ताणतो, त्यामुळे स्पष्टताही घटते. म्हणून शक्य असेल तिथे आधी चार पावले पुढे जाऊन पाहा.