‘बरे वाटणे’ आणि ‘बरे होणे’ : ल्युपसजन्य मूत्रपिंडविकाराची देखरेख, अहेरी परिसराच्या संदर्भात

‘ल्युपस’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ लांडगा. चेहऱ्यावरील व्रण लांडग्याने कुरतडल्यासारखे दिसतात, या मध्ययुगीन कल्पनेतून तो वैद्यकात आला आणि रोगाचे स्वरूप उलगडल्यावरही टिकून राहिला. क्षय, महारोग, हिवताप, कावीळ यांना मराठीत जशी रूढ नावे आहेत, तसे लोकनाम या रोगाला लाभलेले नाही. त्याचे कारण उघड आहे. हा रोग एकाच रूपाने येत नाही. कधी ताप, कधी सांधेदुखी, कधी गालांवरील चट्टे, कधी केस गळणे, आणि यांपैकी प्रत्येकाला भाषेत स्वतंत्र नाव आधीच असते. शिवाय रोग विरळा आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीजवळच्या पाहणीत त्याचे प्रमाण लाखात सुमारे तीन असे आढळले होते. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे, आणि त्यांतही तरुण वयाच्या स्त्रियांचे.

या रोगात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच पेशींतील द्रव्यांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. ही प्रतिपिंडे आणि त्यांनी पकडलेली द्रव्ये यांचे संयुक्त थर मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांत साचले, म्हणजे तेथे दाह सुरू होतो, गाळणीची वीण सैल होते आणि रक्तातील प्रथिने मूत्रात उतरू लागतात. ल्युपसच्या एक-तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत मूत्रपिंडे या प्रकारे बाधित होतात. मात्र मूत्रपिंडे दुखत नाहीत. गुडघा सुजला तर रुग्ण तक्रार करतो. गाळणी फाटत असताना त्याला काहीच कळत नाही. पायांवर व डोळ्यांखाली सूज दिसू लागते तेव्हा बरेच प्रथिन वाहून गेलेले असते.

उपचार सुरू झाल्यावर हा मूकपणा अधिकच फसवा ठरतो. स्टेरॉइडच्या पहिल्या काही आठवड्यांत ताप उतरतो, सांधे मोकळे होतात, भूक वाढते. लघवी वाढविणाऱ्या गोळीने सूज ओसरते. रुग्ण म्हणतो, ‘आता बरे वाटते,’ आणि ते खरेच असते. परंतु मराठीतील ‘वाटणे’ हे क्रियापद अनुभव घेणाऱ्याला चतुर्थीत ठेवते : ‘मला बरे वाटते’. ‘मी बरा झालो’ या वाक्यात ‘मी’ प्रथमेत येतो. पहिले वाक्य अनुभवाचे निवेदन करते, दुसरे अवस्थांतराचा दावा करते. ल्युपसजन्य मूत्रपिंडविकारात या दोहोंमध्ये वर्षभराचे अंतर असू शकते, आणि बहुतेक अनर्थ या अंतरात घडतात.

अवस्थांतर ठरवावयाचे ते मोजमापानेच. आज जगभर मान्य असलेली कसोटी अशी : मूत्रातील प्रथिनांचे प्रमाण तीन महिन्यांत निदान २५ टक्क्यांनी, सहा महिन्यांत निम्म्याने घटावे, आणि वर्षअखेरीस ते दिवसाला ०.५ ते ०.७ ग्रॅमच्या खाली यावे. मूत्रपिंडाचे कार्य या काळात स्थिर राहावे. समजा, एखाद्या स्त्रीच्या मूत्रात आरंभी प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३.२ आहे. तिसऱ्या महिन्यात ते २.२, सहाव्यात १.४ आणि बाराव्यात ०.६ झाले, तर उपचार लागू पडला असे म्हणता येईल. तिसऱ्या महिन्यातील २.२ हा आकडा सुटा पाहिला तर चिंताजनक आहे; आधीच्या ३.२ शेजारी ठेवला तर आश्वासक आहे. म्हणजे येथे अर्थ एका आकड्यात नसतो, तो दोन आकड्यांच्या संबंधात असतो. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे तत्त्व नवे वाटण्याचे कारण नाही.

आरंभी प्रथिनांची गळती फार मोठी असेल, तर आणखी सहा ते बारा महिने वाट पाहण्याची मुभा मार्गदर्शक तत्त्वे देतात. केवळ घाई म्हणून औषध बदलू नये. उलट रक्तदाबावरील काही औषधे दाह शमविल्यावाचूनही प्रथिनांची गळती कमी करतात, हेही विसरता येत नाही.

हे सारे अहेरीच्या संदर्भात मांडले म्हणजे त्याचे स्वरूप पालटते. प्राणहितेच्या काठावरील हे जुन्या जमीनदारीचे गाव २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात होते, नंतर गडचिरोली जिल्ह्यात आले. जिल्ह्याचे ठिकाण येथून शंभर किलोमीटरांहून दूर, नागपूर त्याहूनही पुष्कळ पलीकडे. नदीपलीकडे तेलंगण. भामरागडच्या बाजूला पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने वाट अडते. मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, हे निदानासाठी व रोगाचा वर्ग ठरविण्यासाठी आवश्यक असते. त्यासाठी दूरचा प्रवास अटळ आहे. परंतु तो प्रवास एकदा-दोनदा करावयाचा असतो. देखरेख मात्र वारंवार करावयाची असते, आणि तिच्यापैकी बराच भाग जवळ होऊ शकतो : रक्तदाब, वजन, सकाळच्या पहिल्या मूत्राची पट्टीने परीक्षा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मूत्राचा साका. साक्यात तांबड्या पेशींचे नळीसारखे ठसे दिसले, तर दाह जागा आहे असे समजावे.

पट्टीच्या मर्यादा मात्र ओळखाव्यात. ती प्रथिनांची घनता दाखविते, एकूण गळती दाखवीत नाही. उन्हाळ्यात पाणी कमी प्यालेल्या माणसाचे मूत्र दाट असते, तेथे पट्टी अधिक गडद होते. याउलट सिकलसेलच्या रुग्णात आणि कधीकधी केवळ वाहकातही मूत्रपिंडे मूत्र दाट करू शकत नाहीत. पातळ मूत्रात तीच गळती फिकी दिसते. विदर्भात हा प्रश्न गौण नाही. शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचे निरीक्षण १९५८ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले होते, आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी चंद्रपूरला रक्तवर्णकविकारांचे संशोधनकेंद्र राष्ट्राला अर्पण झाले. सिकलसेल स्वतःही मूत्रात रक्त व प्रथिने उतरवितो. तेव्हा ल्युपसच्या रुग्णाची सिकलसेल-चाचणी आरंभीच झालेली नसेल, तर पुढील प्रत्येक आकड्याचा अर्थ संदिग्ध राहतो. घनतेचा दोष टाळण्यासाठी प्रथिनांची तुलना त्याच नमुन्यातील क्रिएटिनिनशी करावयाची, हाच गुणोत्तरामागील हेतू.

रक्तातील क्रिएटिनिनही असेच चकविते. ते स्नायूंतून येते; चाळीस किलो वजनाच्या कृश तरुणीत ते मुळातच कमी असते. सव्वीस वर्षांच्या स्त्रीत ते ०.५ वरून १.० मिलिग्रॅमवर गेले, तर दोन्ही आकडे कागदावर छापलेल्या ‘नॉर्मल’ मर्यादेत बसतात. पण प्रचलित सूत्राने हिशेब केला तर गाळण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटलेली असते. जुना कागद हरवला तर ही घट अदृश्य होते. अंगदुखीसाठी बाजारातून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही हा आकडा चढतो, म्हणून त्यांची विचारणा प्रत्येक भेटीत व्हावी. विचारणा कोणत्या भाषेत, हा पुढचा प्रश्न.

अहेरीच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि गोंडी-माडिया या भाषा एकाच दिवशी कानी पडतात. मराठीतील ‘सूज’ तेलुगूत ‘वापु’ होते, ‘फेस’ ‘नुरगु’ होतो. गोंडीभाषक रुग्णाला तर मराठी प्रश्नाचा अर्थ दुभाष्यामार्फतच पोहोचतो. ‘लघवीतून प्रथिने जातात’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. तथापि ‘धातू जाणे’ या जुन्या समजुतीशी त्याचे रूप इतके जुळते, की ऐकणारी स्त्री त्याचा संबंध अशक्तपणाशी किंवा लज्जास्पद दोषाशी लावण्याचा संभव आहे. नाहीतर गेलेले प्रथिन भरून काढण्यासाठी अधिक खाणे हाच उपाय, असेही तिला वाटेल. ‘गाळणी सैल झाली आहे’ हे वाक्य चहाच्या गाळणीवरून सहज उमगते, आणि वस्तुस्थितीला धरूनही आहे.

दुसरे उदाहरण औषधाच्या नावाचे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसच्या उपचाराचा पाया मानले जाते. डोळ्यांची नियतकालिक तपासणी करीत ते वर्षानुवर्षे चालू ठेवावयाचे असते. परंतु ‘मलेरियाची गोळी’ अशी त्याची ओळख करून दिली, तर महाराष्ट्रात हिवतापाचे ओझे सर्वांत अधिक वाहणाऱ्या या जिल्ह्यात तिचा अर्थ एकच : ताप उतरला की गोळी संपली. येथे चूक ऐकणाऱ्याकडे नसून नाव देणाऱ्याकडे आहे. आणि ताप पुन्हा आलाच, तर तो हिवताप, दुसरा संसर्ग की ल्युपसचा उद्रेक, हे रक्त तपासल्याशिवाय ठरविता येत नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना संसर्ग चुकला तर तो प्राणावर बेततो.

आकडे न वाचणाऱ्या माणसाच्या हाती मोजमाप देता येते, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने अर्भकांच्या न्यूमोनियासाठी श्वासमापक बनविला : वाळूचे घड्याळ आणि सरकविण्याचे मणी. निरक्षर दाईने दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी मणी संपले तर श्वास जलद. संस्थेने गडचिरोलीत केलेल्या न्यूमोनिया-उपचाराच्या प्रयोगाचे फलित १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. मूत्राच्या पट्टीवरील रंगही असाच वाचता येण्याजोगा आहे. दर आठवड्याचा रंग एका वहीत भरला आणि तो अचानक गडद झाला तर प्रयोगशाळेत जावयाचे, एवढा नियम पुरे. गुणोत्तराची जागा पट्टी घेऊ शकत नाही. केव्हा निघावे एवढेच ती सांगते.

वहीत आणखी एक रकाना हवा : एकक. एक प्रयोगशाळा प्रथिने दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ग्रॅममध्ये देते, दुसरी मिलिग्रॅममध्ये, तिसरी चोवीस तासांच्या मूत्रावरून. ०.६ आणि ६०० हे एकाच अवस्थेचे दोन उच्चार असू शकतात. गडचिरोली, नागपूर आणि नदीपलीकडचे तेलंगण अशा तीन ठिकाणचे कागद एकाच पिशवीत असतील, तर एककाविना त्यांची तुलना होणार नाही. त्याच पानावर मासिक पाळीचा व गर्भधारणेच्या इच्छेचा उल्लेखही असावा. मायकोफेनोलेट व सायक्लोफॉस्फमाइड ही औषधे गर्भाला घातक आहेत, रोग निदान सहा महिने शांत असल्याखेरीज गर्भधारणा धोक्याची ठरते, आणि नव्याने लग्न झालेली मुलगी हा विषय दुभाष्यासमोर आपणहून काढील अशी अपेक्षा धरता येत नाही. दुभाषी स्त्री असणे येथे सोयीचे नव्हे, आवश्यकच आहे.