पाच टक्क्यांची घरे : मेक्सिकोचा कामगार गृहनिधी

मेक्सिकोत खासगी नोकरीतल्या प्रत्येक नोंदणीकृत कामगाराच्या नावावर त्याच्या पगाराच्या पाच टक्के रक्कम मालकाला सक्तीने भरावी लागते. दर दोन महिन्यांनी हा भरणा ज्या संस्थेकडे जातो ती इन्फोनाविट, म्हणजे कामगारांची राष्ट्रीय गृहनिधी संस्था. पैसे मालक भरतो, पण कायद्याच्या दृष्टीने ती कामगाराची बचत असते. घरासाठी वापरली नाही, तर ती निवृत्तीच्या वेळी त्याला परत मिळते. भारतात भविष्य निर्वाह निधीतूनही घरासाठी रक्कम काढता येते. तिथे ती अनेक सवलतींपैकी एक सवलत आहे, मेक्सिकोत मात्र निधी उभा राहिला तोच घरांसाठी.

त्याचे मूळ 1917 च्या राज्यघटनेत आहे. कलम 123 ने कामगारांना राहण्याजोगी घरे देण्याची जबाबदारी मालकांवर टाकली होती. ती बहुतांशी कागदावरच राहिली. 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष लुईस एचेवेरिया यांच्या काळात तिचे रूप बदलले : कोणत्याही मालकाने स्वतः घर बांधायचे नाही, सगळ्यांनी पाच टक्के भरायचे. कारभार सरकार, कामगार संघटना आणि मालक या तिघांकडे सोपवला गेला. सरकारी नोकरांसाठी त्याच वर्षी वेगळा निधी निघाला.

पहिली वीस वर्षे संस्था घरबांधणीत स्वतः उतरलेली होती. राजधानीतल्या इझ्ताकाल्को आणि एल रोसारिओ या वसाहती त्या काळातल्या. त्यांत चौक होते, शाळा होत्या, दुकाने होती आणि शहर हाकेच्या अंतरावर होते. वाटप मात्र निर्मळ नव्हते. घर कोणाला मिळणार हे ठरवण्यात सत्ताधारी पक्षाशी बांधलेल्या कामगार महासंघाचा मोठा हात असे, आणि संघटनेशी पटत नसलेला कामगार रांगेत मागे पडत असे.

व्यवस्थेला खरा धक्का बसला तो महागाईचा. कर्जे नाममात्र व्याजाने, ठरावीक पेसोंत दिलेली होती. 1987 मध्ये महागाई दीडशे टक्क्यांच्या वर गेली, तेव्हा परतफेडीचे हप्ते कवडीमोल झाले. त्याच वर्षी संस्थेने कर्ज किमान वेतनाला बांधले. कर्ज पेसोंत न लिहिता ‘इतके पट किमान वेतन’ असे लिहिले जाऊ लागले. हिशेब असा : जानेवारीत किमान वेतन चार टक्के वाढले की शिल्लक कर्जही चार टक्क्यांनी वाढे, आणि व्याज वेगळे. एखाद्याचा पगार तितका वाढला नाही, तर दहा-दहा वर्षे हप्ते भरूनही पेसोंतली थकबाकी मूळ कर्जापेक्षा जास्त दिसे. बुडण्याचा धोका संस्थेच्या डोक्यावरून उचलून तो कर्जदाराच्या डोक्यावर ठेवला गेला. निधी वाचला, पण ज्यांच्या बचतीतून तो उभा होता त्यांनाच त्याची किंमत मोजावी लागली.

1992 च्या सुधारणेने बांधकाम खासगी विकासकांकडे गेले आणि संस्था गृहकर्ज देणारी झाली. प्रत्येक कामगाराचे स्वतंत्र खाते उघडले; वय, पगार, साठलेली रक्कम आणि भरण्यातले सातत्य यांना गुण मिळू लागले आणि 116 गुण झाले की कर्जाची पात्रता येई. संघटनेची चिठ्ठी लागेनाशी झाली, ही या बदलाची मोठी जमेची बाजू. पण त्याच वर्षी घटनेचे कलम 27 बदलले आणि ‘एखिदो’ म्हणजे गावकीच्या सामाईक शेतजमिनी विकण्याचा मार्ग खुला झाला. शहरापासून दूरची जमीन स्वस्तात विकासकांच्या हाती आली. 2000 नंतर कर्जवाटपाने वेग घेतला, काही वर्षी चार लाखांहून जास्त कर्जे दिली गेली.

त्यातून उभ्या राहिलेल्या वसाहतींचे उदाहरण म्हणजे राजधानीच्या पूर्वेकडील इश्तापालुका इथली सान बुएनाव्हेंतुरा. वीस हजारांहून अधिक घरे, एकाच साच्यातली, भिंतीला भिंत लागून. अशा वसाहतींतल्या छोट्या घरात एक-दोन खोल्या आणि मोरीएवढे न्हाणीघर. कर्जाचा हप्ता पगारातून परस्पर कापला जाई. त्यात कामावर जाण्यायेण्याचे दोन-दोन तास आणि बसभाडे यांची भर पडे. कुठे पाणी नियमित येत नसे, कुठे शाळा झालेलीच नसे. तिहुआना आणि सिउदाद ह्वारेस या सीमेवरच्या शहरांत टोळीयुद्धांची भर पडली. लोकांनी घरे सोडली, पुढे दारे-खिडक्या आणि वायरीही चोरीला गेल्या. 2010 च्या जनगणनेत देशात सुमारे 50 लाख घरे रिकामी आढळली. ती सगळी या निधीतली नव्हती, पण या धोरणाचा त्यात वाटा होता हे नाकारता येत नाही. कर्ज मंजूर करताना पगार तपासला जाई. घर राहण्याजोग्या जागी आहे का, हा प्रश्न तितक्या कसून विचारला गेला नाही.

2013 मध्ये सरकारने शहरालगतच्या बांधकामाला प्राधान्य दिले, तेव्हा दूरच्या जमिनींचे साठे करून बसलेल्या खेओ, उर्बी आणि ओमेक्स या बड्या कंपन्या कोसळल्या. ओमेक्सने एक लाखाहून अधिक न बांधलेल्या घरांची विक्री हिशेबात दाखवल्याचा आरोप अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने 2017 मध्ये ठेवला. पुराव्यात उपग्रहाची छायाचित्रे होती आणि घरांच्या जागी उघडी जमीन दिसत होती. कंपनीने आरोप मान्य वा अमान्य न करता तडजोड केली.

डिसेंबर 2020 च्या दुरुस्तीने कामगाराला जमीन घेण्यासाठी आणि स्वतः घर बांधण्यासाठीही कर्ज घेता येऊ लागले. क्लाउडिया शेनबाउम यांच्या सरकारने 2024 च्या अखेरीस जुन्या वाढत्या कर्जांचे हप्ते आणि शिल्लक गोठवायला सुरुवात केली. फेब्रुवारी 2025 च्या कायद्याने इन्फोनाविट पुन्हा बांधकामात उतरली : तिला स्वतःची बांधकाम कंपनी काढण्याची आणि पगाराच्या 30 टक्क्यांहून जास्त नसेल अशा भाड्याने घरे देण्याची मुभा मिळाली. कारभारात सरकारचे वजन वाढल्याने कामगारांची बचत सरकारच्या मर्जीवर जाईल, असा आक्षेप विरोधकांनी घेतला. मेक्सिकोतले निम्म्याहून अधिक कामगार तर असंघटित आहेत. फेरीवाले, घरकामगार, शेतमजूर यांच्यातल्या बहुतेकांच्या नावावर हे पाच टक्के कधी जमाच होत नाहीत. त्यांच्या घरांची जबाबदारी राष्ट्रीय गृहनिर्माण आयोगावर आहे.