मृत्यूचे कारण कळले, तर पुढचा जीव वाचतो

भारतात सर्पदंशाने दरवर्षी किती माणसे दगावतात? पंधरा-वीस वर्षांपूर्वी सरकारी रुग्णालयांच्या अहवालांत या प्रश्नाचे उत्तर दीड हजाराच्या आत होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा आकडा सुमारे ४६ हजार असल्याचे दाखवून दिले. म्हणजे तीस पटींहून जास्त! मधल्या काळात देशातले साप वाढले नव्हते. मोजण्याची जागा तेवढी बदलली होती. आधी मोजणी रुग्णालयात होत होती, आता ती घरी जाऊन झाली.

सर्पदंशाने मृत्यू पावलेल्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा लोक रुग्णालयात पोहोचल्यावर दगावले होते. उरलेले घरी, शेतात, वाटेत किंवा मांत्रिकाच्या दारात गेले. रुग्णालयाच्या वहीत त्यांची नोंद होणार कशी? मण्यार चावल्यावर तर अनेकदा घरच्यांनाही पत्ता लागत नाही. हा साप रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दंशाच्या जागी वेदना किंवा सूज फारशी नसते. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, जीभ अडखळते आणि मग श्वासाचे स्नायू थकतात. गावात मात्र ‘झोपेतच गेला’ एवढेच बोलले जाते.

घरोघरी जाऊन केलेली चौकशी

हे मृत्यू उजेडात आणले ‘मिलियन डेथ स्टडी’ने. भारताचे महानिबंधक कार्यालय आणि डॉ. प्रभात झा यांच्या नेतृत्वाखालील संशोधक यांनी हे काम हाती घेतले. त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागली नाही. १९७० च्या सुमारापासून देशात ‘नमुना नोंदणी पद्धत’ सुरू आहे. देशभरातून निवडलेली काही हजार गावे आणि शहरी वस्त्या, त्यातली लाखो घरे आणि तिथल्या प्रत्येक जन्म-मृत्यूची सतत नोंद, अशी ही पद्धत. अर्भक मृत्युदर किंवा जन्मदर म्हणून जे आकडे आपण वाचतो, ते बहुतांशी इथूनच येतात.

या पद्धतीत किती माणसे गेली हे कळत होते, कशाने गेली हे कळत नव्हते. म्हणून २००१ नंतर ‘व्हर्बल ऑटोप्सी’ म्हणजे शाब्दिक शवविच्छेदनाची जोड देण्यात आली. प्रशिक्षित कर्मचारी मृताच्या घरी जातो. ताप होता का, किती दिवस, धाप लागत होती का, असे ठरलेले प्रश्न विचारतो आणि कुटुंबाची हकीकत त्यांच्याच भाषेत लिहून घेतो. हे टिपण दोन डॉक्टर स्वतंत्रपणे वाचून मृत्यूचे कारण ठरवतात. मत जुळले नाही, तर निर्णय तिसऱ्या ज्येष्ठ डॉक्टरकडे जातो. ही रीत अचूक नाही. वृद्धांमध्ये एकाच वेळी अनेक आजार असतात, तिथे ती चुकू शकते. पण सर्पदंश, अपघात, बाळंतपणातील मृत्यू अशा ठळक घटना घरचे विसरत नाहीत आणि तिथे ती चांगली उपयोगी पडते.

सर्पदंशाच्या आकड्यांबरोबर त्यामागचे चित्रही पुढे आले. ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते आणि जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत त्यांचे प्रमाण सर्वाधिक होते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख लोक सर्पदंशाने गेले, असा अंदाज २०२० मध्ये याच माहितीच्या आधारे मांडला गेला. प्रतिसर्पविष कुठे आणि केव्हा हाताशी हवे, हे ठरवायला इतका तपशील पुरेसा आहे: गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, पेरणीच्या आधी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत अग्रक्रम दिला. २०२४ मध्ये भारताने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्याची सूचना राज्यांना केली.

आजार एकीकडे, पैसा दुसरीकडे

अशा माहितीचा प्रत्यक्ष कारभारात वापर कसा करावा, याचा धडा टांझानियाने घालून दिला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोरोगोरो आणि रुफिजी या दोन जिल्ह्यांत घरोघरी मृत्यूंची पाहणी करण्यात आली. मृत्यूमुळे वाया जाणाऱ्या आयुष्याच्या वर्षांपैकी सुमारे ३० टक्के वर्षे एकटा मलेरिया गिळत होता. त्याच्यासाठी जिल्ह्याच्या आरोग्य खर्चातला वाटा होता अवघा ५ टक्के. हा ताळेबंद समोर येताच अधिकाऱ्यांनी खर्चाची फेरमांडणी केली. औषध लावलेल्या मच्छरदाण्या आणि बालरोगांच्या एकत्रित उपचाराचे प्रशिक्षण यांवर भर दिला गेला. सुमारे पाच वर्षांत तिथले बालमृत्यू ४० टक्क्यांहून अधिक घटले. त्यासाठी माणशी वर्षाला एक डॉलरही जादा लागला नाही.

महाराष्ट्रात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हेच सूत्र धरले. आधी गावागावांतील जन्म-मृत्यू मोजले. बहुतेक बाळंतपणे घरीच होत होती आणि पहिल्या महिन्याच्या आत हजारी सुमारे ६० बाळे दगावत होती. १९९५ पासून ३९ गावांत आरोग्यदूतांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले गेले: ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे. तुलनेसाठी ४७ गावे होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेत ६२ टक्क्यांनी घटला. दोन्हीकडच्या मृत्यूंची नोंद चोख नसती, तर हा निष्कर्ष कुणी मानला नसता. २०११ पासून आशा कार्यकर्त्या देशभर नवजात बाळांसाठी ज्या गृहभेटी देतात, त्यांची मुळे या कामात आहेत.

आपल्या हातात काय?

पाहणी कितीही चांगली असली, तरी तो नमुनाच असतो. खरा आधार प्रत्येक मृत्यूच्या कारणाच्या नोंदीचा. तिथे आपण फार मागे आहोत. २०२० मध्ये देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. आणि त्या प्रमाणपत्रांवरही ‘हृदय व श्वसन बंद पडले’ असा शेरा बऱ्याचदा असतो. हृदय तर प्रत्येकाचेच शेवटी बंद पडते. ते कशामुळे बंद पडले, हे लिहायला हवे: मधुमेहातून झालेला मूत्रपिंडाचा विकार, क्षयरोग की विषबाधा? कारण मोघम लिहिले, की तो मृत्यू आरोग्य नियोजनाच्या दृष्टीने वाया जातो.

घरात मृत्यू झाला, की दुःखाच्या त्या दिवसांत कागदपत्रे नकोशी वाटतात. तरीही २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायत किंवा पालिकेत नोंद करावी. डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि आजाराचे जुने कागद त्यांना दाखवावेत. साप चावल्याचा संशय असेल, तर तो लपवू नये. पाहणीसाठी कुणी ओळखपत्र दाखवून दारात आले, तर आठवेल तेवढे खरे सांगावे. गेलेले माणूस त्याने परत येत नाही. पण पुढच्या पावसाळ्यात गावाजवळच्या आरोग्य केंद्रात प्रतिसर्पविषाच्या किती कुप्या ठेवायच्या, हे अशाच उत्तरांवरून ठरते.