वरखर्चाची बॅटरी

दाजींच्या गाडीच्या बॅटरीजवळून कुत्र्याचे केस निघाले. थोडेथोडके नाही, मूठभर. भोसरीच्या गॅरेजात मागची सीट काढून भिंतीला टेकवली होती. सीटच्या कडेला एक जाळी असते, तिच्यामागचा पंखा मेकॅनिकनं सोडवून हातात घेतला होता आणि पात्यांमध्ये अडकलेला केसांचा थर तो ब्रशनं ओढत होता.

"काका, कुत्रा कुठं बसतो?"

दाजींनी निमूट कोपरा दाखवला. बरोब्बर जाळीला टेकून. (गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. यात दोष गाडीचा नव्हता, लॅब्रॅडॉरचा तर नव्हताच.)

डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटला म्हणून गाडी इथे आणली होती. स्कॅनर लावल्यावर कोड आला पी0ए80. त्याचा सरळ अर्थ, हायब्रिड बॅटरी बदला. दाजींचा चेहरा तेव्हाच उतरला होता.

हायब्रिडच्या पोटात एखादी अजस्र बॅटरी असणार, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात सीटमागून निघाली ती एक लांबट पेटी. आत पुस्तकांसारखी उभी लावलेली 28 मॉड्यूल. प्रत्येकात निकेल-मेटल हायड्राइडचे सहा सेल, दर सेलचे 1.2 व्होल्ट. सगळी एकापुढे एक जोडली की 201.6 व्होल्ट. क्षमता 6.5 अँपिअर-अवर. गुणाकार केला तर महावितरणच्या बिलातलं जेमतेम सव्वा युनिट! आमच्या घरच्या इन्व्हर्टरच्या दीडशे अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदोपत्री 1.8 युनिट मावतात. 2020 साली आलेल्या इलेक्ट्रिक नेक्सॉनमध्ये 30.2 होते.

मग एवढ्याशा बॅटरीवर गाडी चालते कशी? फार लांब चालतच नाही. स्वयंपाकघरात वरखर्चाचा डबा असतो ना, तसं हे काम. सिग्नलला ब्रेक दाबला की मोटर उलटी वागते, जनित्र होते आणि चाकांचा वेग विजेच्या रूपानं डब्यात टाकते. हिरवा दिवा लागला की तीच वीज काढून गाडी पुढे सरकवायची. इंजिनला किलोमीटरमागे सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं ते असंच रांगताना, तेवढं वाचतं. सव्वा युनिटवाली ही पेटी काही सेकंदांपुरती वीस किलोवॅटच्या आसपास ताकद देते. इन्व्हर्टरच्या बॅटरीकडून ते होणार नाही.

आणि डबा कधी रिकामा करायचा नाही, कधी गच्च भरायचाही नाही. संगणक चार्ज साधारण 40 ते 80 टक्क्यांमध्ये खेळवतो, ओढ साठाच्या आसपास. पडद्यावर बॅटरी भरलेली दिसते तेव्हाही ती खरी भरलेली नसते. ही लबाडी नाही, शहाणपण आहे. पूर्ण उपसली आणि पूर्ण भरली तर हे सेल लवकर थकतात. थोडं घे, थोडं दे असं ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतात. 1997 च्या डिसेंबरात जपानमध्ये पहिली प्रियस विकायला आली, तेव्हापासून ही रीत चालत आली आहे. आपल्याकडे 2022 मध्ये आलेल्या ग्रँड व्हिटारात लिथियमची बॅटरी आहे, पण डब्याचा नियम तोच.

पेटी उघडण्याआधीचा सोहळा मात्र बघण्यासारखा होता. मेकॅनिकनं अंगठी आणि घड्याळ काढलं. रबरी ग्लोव्हची बाही गुंडाळत आणून हवा बोटांत कोंडली, गालाशी धरून कुठे फुसफुसते का पाहिलं, मग वर चामडी ग्लोव्ह चढवले. नारिंगी सर्व्हिस प्लग उपसला आणि सरळ खिशात घातला. तो खिशात असेपर्यंत दुसरं कुणी चुकून लावणार नाही. त्यानंतर दहा मिनिटं चहा. गाडीच्या इन्व्हर्टरमधले कपॅसिटर उतरायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. चहानंतर मीटर लावून शून्य बघितलं, तेव्हा कुठे पान्याला हात लागला.

"प्लग काढला म्हणजे मेली असं नाही हां साहेब. माळ मधून तुटली फक्त. एकेका तुकड्यात अजून पुष्कळ व्होल्ट आहेत."

मी दोन पावलं मागे सरकलो.

मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा कळंक चढला होता, पितळेच्या भांड्यांना चढतो तसाच. गॅरेजातल्या पोऱ्यानं त्या पॉलिश पेपरनं घासायला घेतल्या. इकडे मेकॅनिक एकेक मॉड्यूल मोजत खडूनं आकडे लिहीत चालला: 7.8, 7.8, 7.9. चौदाव्याला 6.5. "एक सेल गेला." पंधराव्यानं 7.7 दाखवले, मी म्हटलं हा ठीक आहे. तो हसला. हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब त्यानं त्या मॉड्यूलला जोडला. मिनिटभरात आकडा सहाच्या खाली घसरला. शेजारचे सगळे त्याच बल्बखाली साडेसातवर तग धरून होते.

"नुसता व्होल्टेज खोटं बोलतो. लोड टाकला की खरं बाहेर येतं."

दोन्ही वाईट मॉड्यूल मधलीच निघाली. कडेच्या मॉड्यूलची उष्णता बाहेर निघून जाते, मधली मात्र दोन्हीकडून शेकतात. त्यांना एकच आधार, पंख्याची हवा. आणि ती केसांनी अडवली होती.

जुन्या दुसऱ्या पेटीतली दोन बरी मॉड्यूल निवडून आणली. सगळी 28 रात्रभर अधिकाला अधिक, उण्याला उणं अशी समांतर जोडून ठेवली, म्हणजे पाणी एका पातळीला येतं. दुसऱ्या दिवशी पेटी आवळून बसवली. दाजींनी बटण दाबलं. मागून टक, मग पुन्हा टक असा आवाज आला. आधी रोधातून हळूहळू कपॅसिटर भरतात, मग मुख्य रिले बसतो. त्रिकोण गेला होता.

"आता दहा वर्षं बघायला नको ना?" दाजींनी विचारलं.

मेकॅनिकनं ग्लोव्ह काढले. "काका, दोन बदललीत. बाकीची सव्वीस तुमच्या गाडीच्याच वयाची आहेत. वर्षभर गेली तर चांगली गेली म्हणा. आणि कुत्र्याला दुसऱ्या बाजूला बसवा."