चिऱ्याच्या भिंतीवरचा दिवस

सकाळी ६
टेम्पो भरायला घेतला. मिरगाच्या सरी पडून गेल्यात, माती भिजलीये, चिखल अजून झालेला नाही. लावणीला याहून बरा आठवडा वर्षात मिळत नाही. रसेलिया, स्प्रेंजेरी आणि वाळ्याचे ठोंब. ज्यांची मुळं पिशवीच्या तळाशी गोल फिरलीत ती रोपं बाजूला काढली.

७.३०
दापोलीजवळची उतारावरची वाडी, मालक मुंबईला. गेल्या उन्हाळ्यात डोंगर कापून घर बांधलं आणि मागे पुरुषभर उंचीची रिटेनिंग वॉल घातली. रोपांना हात लावण्याआधी भिंतीतले पाण्याचे पाईप बघते. सळई घातली की नितळ पाणी यावं. दोन पाईपांतून आलं. तिसऱ्यातून लाल चिखल आला, म्हणजे तिथे मागे खडीचा थर नीट पडलेला नाही आणि माती वाहून येतेय. गवंड्याला फोन केला. तेवढा पट्टा आज मोकळा ठेवायचा. भिंत फुगते ती मागे अडलेल्या पाण्याने, झाडं कितीही छान असोत.

९
मालकांचा फोन. “ताई, रिसॉर्टच्या भिंतीला चिकटलेली ती हिरवीगार वेल लावूया ना!” ती वेल वड-पिंपळाच्या खानदानातली. चिकटते छान, पण छाटणी चुकली की फांद्या जाड होऊन भिंतीपासून सुटतात. “काका, शिडी लावून छाटणार कोण? तुम्ही येणार मे महिन्यात, गणपतीत आणि शिमग्याला.” मग त्यांनी वेडेलिया काढली: पिवळी फुलं, कुठेही जगते, फांदी फुकट मिळते. म्हणूनच नको. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत ती आहे, आणि खालच्या वहाळात उतरली की शेजाऱ्याच्या वाडीतही तीच. नुसतं चिवट झाड कमी देखभालीचं ठरत नाही. आपण चार महिने फिरकलो नाही तर ते काय उद्योग करून ठेवील, हे आधी बघावं लागतं.

१०
भिंतीच्या माथ्यावर लावणी. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पुढे चिरा तापतो आणि शेजारच्या मातीतली ओल पिऊन टाकतो. झाडाची परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये. म्हणून खड्डे काठापासून वीतभर आत, शेणखत घालून, आणि जाती दोनच. स्प्रेंजेरीच्या मुळांना पाण्याने भरलेल्या गाठी असतात, त्यावर ती कोरडे आठवडे काढते. रसेलियाला पानं जवळजवळ नसतातच, हिरव्या काड्याच पानांचं काम करतात. त्या भिंतीवरून खाली लोंबतात आणि लाल नळ्यांसारख्या फुलांवर शिंजीर येतात. पहिल्या उन्हाळ्यात मात्र आठवड्याला एकदा पाणी द्यावंच लागेल. ‘बिनपाण्याची झाडं’ असं म्हणून विकणाऱ्यांशी माझं पटत नाही.

१२
माथ्यामागच्या उतारावर वाळा. आडव्या ओळीत, ठोंबात जेमतेम चार-सहा बोटांचं अंतर. विरळ लावला तर मधून माती जाते. त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर उतरतात, आडवी पसरून भिंतीला ढोसत नाहीत.

१
जेवण. भाकरी, सुकट, आणि मुकादमाची राजकारणावरची मतं.

२
पिंपळ उपटणे. बुलबुल, मैना फळं खातात आणि चिऱ्यांच्या सांध्यात बी टाकून जातात. बोटाएवढं रोप, दोनच पानं. खुरप्याच्या टोकाने सांधा मोकळा करून हळूच ओढलं तर हातभर पांढरं मूळ बाहेर आलं. वरून कापलं असतं तर पुन्हा फुटलं असतं. सगळ्या वर्षाची देखभाल म्हणून एकच काम सांगा म्हटलं, तर मी हे सांगेन: दर पावसाळ्यात एकदा हा फेरा.

४
भिंतीच्या पायथ्याशी काही लावायचं नाही. सावली, ओल, नेचे आपापले आलेत, तेरड्याची रोपं वर डोकावताहेत. केअरटेकरला बजावलं, ग्रासकटर इथे फिरवायचा नाही. गौरीला तेरडा लागतोच, तो शोधत काकूंना डोंगर चढायला नको.

६.३०
हिशेब. अर्ध्याहून जास्त पैसे वाळ्याला आणि मजुरीला गेले. पुढच्या मेपर्यंत पाण्याचा फेरा, मग पिंपळ उपटायला वर्षातून एक माणूस, बस्स. वार्षिक कंत्राटाचं काकांनी स्वतःहून विचारलं. मी नको म्हटलं. नवऱ्याच्या मते मला धंदा कळत नाही.